पॅप तपासणीचा ‘असामान्य’ अहवाल : भय नको, विलंबही नको

रक्तातील साखर वाढली तर ती गोष्ट घरातील सर्वांना ठाऊक होते. जेवताना तिची चर्चाही होते. गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अहवाल मात्र बहुधा कपाटातील साड्यांच्या घडीखाली जातो. त्यावर ‘असामान्य पेशी आढळल्या’ असे लिहिलेले असते आणि ते वाचणाऱ्या स्त्रीच्या मनात दोन शंका एकदमच उभ्या राहतात. हा कर्करोग तर नव्हे? आणि घरात कळले तर लोक काय म्हणतील? पहिल्या शंकेपोटी काही जणी गर्भाशयच काढून टाकण्याची घाई करतात. दुसरीपोटी काही जणी अहवाल कुणाला दाखवतच नाहीत. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत, आणि दुसरी अधिक घातक आहे.

गर्भाशयाचा जो खालचा भाग योनीत उघडतो, त्यास गर्भाशयमुख म्हणतात. तेथील काही पेशी अलगद टिपून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, एवढेच पॅप तपासणीचे स्वरूप. डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. ती काही मिनिटांत होते. भूल द्यावी लागत नाही, उपाशी राहावे लागत नाही. मासिक पाळीचे दिवस तेवढे टाळावेत. मात्र ही तपासणी म्हणजे चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणीत खडा दिसला म्हणून व्यापारी सारे पोते फेकून देत नाही. पण खडा पाहिल्यावाचून माल पुढेही पाठवत नाही. असामान्य अहवालाशी नेमके असेच वागावयाचे असते.

पेशींतील या बदलामागे बहुतेक वेळा ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही हा विषाणू असतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार मिळून या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत ठरतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, आणि घराघरांतील संकोचाचे मूळ येथेच आहे. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा या विषाणूचा संसर्ग होतो आणि बहुतेकांना त्याची जाणीवही होत नाही. साधारण दोन वर्षांत शरीराची प्रतिकारशक्ती तो आपोआप दूर करते. काहींच्या शरीरात मात्र तो वर्षानुवर्षे गुप्त राहतो. त्यामुळे आज आलेला अहवाल हा संसर्ग केव्हा झाला, कोणाकडून आला, हे सांगूच शकत नाही. तो पेशींची स्थिती सांगतो. कोणाच्या शीलाविषयी त्यात एक अक्षरही नसते. पतीने पत्नीवर किंवा सासरच्यांनी सुनेवर संशय घ्यावा, असा आधार या कागदात नाही.

अहवालातील सांकेतिक अक्षरांचे अर्थ जाणून घेतले म्हणजे भय पुष्कळ ओसरते. ‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशींत किंचित वेगळेपण आहे, पण त्याचा अर्थ निश्चित नाही. अशा वेळी एचपीव्ही तपासणी करतात किंवा वर्षभराने पॅप तपासणी पुन्हा करतात. बहुतेक जणींत गंभीर काही निघत नाही. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल. विषाणू गेला की तेही बहुधा निवळतात, परंतु डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे देखरेख हवी. ‘एचएसआयएल’ म्हणजे ठळक बदल. येथे थांबून चालत नाही. कोल्पोस्कोप नावाच्या भिंगाच्या यंत्रातून गर्भाशयमुख जवळून पाहतात आणि आवश्यक तर सूक्ष्म तुकडा काढून तपासतात. खरे निदान त्या तुकड्यावरून होते. कर्करोगपूर्व बदल आढळल्यास तेवढाच भाग गोठवून, उष्णतेने किंवा विजेच्या तारेच्या कड्याने काढता येतो. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी परतता येते आणि गर्भाशय शाबूत राहते.

या रोगाची एक बाजू दिलासा देणारी आहे : तो सावकाश वाढतो. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या स्त्रीत असामान्य पेशींचा कर्करोग होण्यास साधारण १५ ते २० वर्षे लागतात. इतका दीर्घ अवधी देणारे रोग थोडेच. तरीही भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि हजारो स्त्रिया त्याने दगावतात, कारण तो अवधी तपासणीवाचून निघून जातो.

तपासणीने प्राण वाचतात, याचा भक्कम पुरावा आपल्या मुंबईतूनच मिळाला आहे. १९४१ साली परळ येथे सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखास सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावून पाहत. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसे. या साध्या उपायाने तेथील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाला. त्याआधी, २००९ साली, उस्मानाबाद जिल्ह्यातील (आजचा धाराशिव) सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासाचा निकाल प्रसिद्ध झाला होता. तेथे आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या सुविधेने गावकुसातील आणि झोपडपट्टीतील स्त्रियांचे प्राण वाचवले, ती गिरगाव, दादर, लालबाग येथील सुखवस्तू घरांतील स्त्रियांच्या हाताशी आहे. उणीव पैशाची नाही, सवडीची आहे.

व्यापारी कुटुंबात ही सवड नेहमी पुढे ढकलली जाते. पर्युषण झाले की पाहू, दिवाळीचा हंगाम सरला की पाहू, मुलीचे लग्न उरकले की पाहू. दुकानाचा वार्षिक हिशेब एक दिवसही न चुकवणाऱ्या घरात गृहिणीच्या तपासणीला तारीख नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वयाच्या तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही तपासणी करावी. पॅप तपासणी करावयाची असल्यास ती साधारण दर तीन वर्षांनी करावी. पाळी थांबली म्हणजे धोका संपला, असे नाही. सासूबाईंनाही सोबत न्यावे. दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्तस्राव झाल्यास तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

पुढच्या पिढीसाठी लसही आहे. ९ ते १४ या वयात ती सर्वाधिक उपयुक्त ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध आहे. मात्र लस झालेला संसर्ग बरा करीत नाही आणि विषाणूच्या सर्व प्रकारांपासून संरक्षण देत नाही. म्हणून लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तपासणी करावीच.

ज्या घरात असा अहवाल साड्यांखाली ठेवलेला असेल, त्यांनी तो आज बाहेर काढावा, त्यावरील तारीख पाहावी आणि या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्यावी. पतीने सोबत जावे. दुकान दोन तास नोकरमाणसे सांभाळतील.