पॅनल टू पॅनल शिक्का मारण्याआधी



विकास सोसायटीची निवडणूक लागली की वाडीवस्तीवर एकच निरोप फिरतो, 'पॅनल टू पॅनल मारा.' माझं मत उलटं आहे. हिशोब सांगतो.

आपल्याकडं जिंकायला निम्मी मतं लागत नाहीत. समोरच्या प्रत्येकापेक्षा एक मत जास्त पडलं की काम झालं. २०२४ च्या विधानसभेला भोर मतदारसंघात (भोर, मुळशी आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका) शंकर मांडेकरांनी संग्राम थोपट्यांना साडेएकोणीस हजारांवर मतांनी हरवलं. कुलदीप कोंडे, किरण दगडे हे अपक्षही उभे होते. मतं फुटली, आणि जिंकणाऱ्याची मतंही एकूण मतदानाच्या निम्म्याआतच राहिली. यात गैर काही नाही, नियमच तसा. आमदारकीची जागा एक, ती एकालाच जाणार.

सोसायटीत मात्र संचालक साधारण १३ असतात. सर्वसाधारण कर्जदार गटाच्या ८, बाकी महिला आणि राखीव. समजा ३०० सभासद आहेत आणि पॅनल तीन. मतं पडली १२०, १०० आणि ८०. सगळ्यांनी डोळे झाकून पॅनल टू पॅनल मारलं, तर १२० वाल्यांच्या १३ च्या १३ जागा. उरलेले १८० जण जास्त असूनही त्यांचा एक माणूस आत नाही! विधानसभेला एका जागेचं जे होतं, ते इथं तेरा वेळा होतं.

मग क.म. पत्रकात कुणाच्या भाताला किती कर्ज बसवलं, वरच्या वाडीची प्रकरणं का मागं राहिली, हे मीटिंगमध्ये विचारणार कोण?

म्हणून शिक्का पॅनलवर नको, नावावर मारा. आठ जागांना आठ मतं आहेत, ती दोन-तीन पॅनलमध्ये वाटता येतात. पटत नसेल तर आठाऐवजी पाचच मारा, चालतं. फक्त आठाच्या वर गेलात तर त्या गटातलं मत बाद.

पॅनलवाले म्हणतील, सरमिसळ झाली की कारभार अडतो. अडू दे थोडा. कर्ज आपल्या सातबाऱ्यावर चढतं, तेव्हा विचारणारं एखादं तोंड आत असलेलं बरं.

तुमच्या गावात काय पद्धत आहे, खाली लिहा.