पाणी ओसरले, पुढे काय?



आमचे नरसिंहपूर नीरा-भीमेच्या संगमावर. वरच्या अंगाला भीमेवर उजनी धरण, नीरेवर वीर. दोन्हीकडून पाणी सुटले की इथल्या बायका आधी पीठमीठ उंचावर ठेवतात. 2019 चा ऑगस्ट आणि 2020 चा ऑक्टोबर आम्ही असाच काढला.

पूर आला की गाड्या येतात, फोटो निघतात, साड्या वाटल्या जातात. पाणी ओसरले की सगळे पांगतात. खरे हाल सुरू होतात ते त्यानंतर. चिखल बाई उपसते. भिजलेले धान्य बाई वाळवते. शेतात काम नाही म्हणून मजुरी बुडते, उसनवारी वाढते, आणि मुलीची शाळा सर्वांत आधी सुटते. यातले पंचनाम्यात काय येते? पिकाची भरपाई सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. माझ्या शेजारणीने आयुष्यभर ज्या रानात राबून घाम गाळला, तिथे तिचे नाव नाही. तिचे शिलाई मशीन गाळात गेले, ते कोणी लिहूनही घेतले नाही.

अशा वेळी मला किल्लारी आठवते. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेले. लातूर-उस्मानाबाद भागात दगडमातीची घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसे गेली. सारा देश धावला. पण घरे उभी राहायला वर्षे लागली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली, शेकडो गावांत जुन्या घरांची डागडुजी व मजबुतीकरण करायचे होते. तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घर कसे बांधायचे, पैसा किती आला, काम कुठे अडले, हे त्या गावाला सांगू लागल्या आणि अधिकाऱ्यांना विचारू लागल्या. वर्तमानपत्रांचे लक्ष उडाले, तरी या बायकांचे उडाले नाही. कारण घर त्यांचे होते.

म्हणून माझे म्हणणे असे की, लोकांच्या कनवाळूपणावर विसंबू नये. कणव महिनाभर टिकते. लक्ष ठेवणे हे कुणाचे तरी ठरलेले काम असावे लागते, आणि ते बायकांच्या हाती असावे.

यासाठी नवा कायदा नको. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचीच असते. बऱ्याच ठिकाणी ती फक्त सह्यांपुरती उरली आहे. पूर, दुष्काळ, गारपीट काहीही झाले, तर पुढची दोन-तीन वर्षे प्रत्येक महिला सभेत एक यादी वाचावी. कुणाचे घर अजून पडके आहे, कुणाची भरपाई आली नाही, कुणाची मुलगी शाळेत परतली नाही. यादीत शेळ्या, कोंबड्या, शिलाई मशीन, बुडालेली मजुरी हेही असावे. ती यादी ठरावासह ग्रामसभेत मांडावी, आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचावी.

आपण विसरलो, तर आपल्यासाठी कोण लक्षात ठेवणार? पुढच्या सभेला जाताना वही घेऊन जा.