दाब तोच, जोर वेगळा

टाटांच्या विजेवरील नेक्सॉन मोटारीच्या २०२३ च्या सुधारित आवृत्तीत इको, सिटी व स्पोर्ट असे तीन मोड आहेत. मोड बदलल्याने मोटार बदलत नाही. पायाच्या दाबाचा अर्थ बदलतो. अ‍ॅक्सिलरेटर केवळ संदेश देतो. चाकांना किती जोर द्यावा, हे गाडीतील संगणक ठरवतो. पेट्रोलच्या इंजिनास जोर धरण्यास अवधी लागतो. विजेची मोटार उभ्या जागेवरूनच, तेही जवळजवळ निःशब्दपणे, जोर धरते. म्हणून सांगलीच्या गणपती पेठेसारख्या गजबजलेल्या बाजारात इको मोडच हितावह. पेट्रोलच्या गाडीची सवय असलेल्या ज्येष्ठांच्या हाती किल्ली देण्यापूर्वी घरच्यांनी कोणता मोड लावला आहे, हे पाहावे. स्पोर्टमध्ये पाय किंचित अधिक दाबला गेला, तर त्याची किंमत समोरच्या पादचाऱ्यास मोजावी लागते.