आकडा मोजलेला की मांडलेला?

सुटे भाग आणून स्वतः जुळविलेल्या संगणकाच्या पेटीवर एक छोटा माहितीदर्शक पडदा बसवावा, ही हौस तरुणांत दिसते. प्रोसेसरचे तापमान, पंख्याचा वेग, मेमरीचा वापर असे आकडे त्यावर झळकत राहतात. हौसेला आमचा विरोध नाही. मात्र तो आकडा येतो कोठून, हे विचारलेच पाहिजे.

१९९० च्या दशकारंभी अशा जुळविलेल्या संगणकांच्या दर्शनी भागावर ३३ किंवा ६६ असा दोन अंकी आकडा प्रकाशमान असे. तो मेगाहर्ट्‌झमधील वेग समजून गिऱ्हाईक सुखावे. वास्तविक तो दर्शक काहीच मोजीत नसे! जुळणी करणारा त्याच्या पाठीमागचे बारीक जंपर जसे बसवी, तसा अंक पुढे उमटे. ३३ च्या यंत्रावर ६६ झळकविणे त्यास मुळीच कठीण नव्हते. शेजारची ‘टर्बो’ कळ फिरविली की वेग खरोखर बदले. अंक मात्र आधी ठरवून ठेवलेलाच दिसे.

आजचे तापमान प्रोसेसरमधील संवेदकाकडून येते, तेव्हा ती फसवणूक उरलेली नाही. पण विजेचा जो आकडा दिसतो, तो बहुधा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांपुरताच. मॉनिटरची वीज आणि पॉवर सप्लायमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज त्यात येत नाही; बिलात मात्र दोन्ही येतात. म्हणून हौशी विद्यार्थ्यांनी भिंतीच्या प्लगपाशी मापक लावून तेथील वॅट या पडद्यावर आणावेत. २०० वॅट घेणारे यंत्र ५ तास चालले की एक युनिट खर्ची पडते, हा हिशेब बिल भरणाऱ्या पालकांनाही वाचता येईल.