दिवाणखाना कोणासाठी?

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेनंतर मुलाच्या शाळेतून मला बोलावणे आले. चिरंजीव त्या वेळी सहावीत. वर्गशिक्षिकेने त्याची गणिताची वही माझ्यापुढे ठेवली. पहिल्या दोन ओळी सरळ, मग अक्षर उताराला लागलेले, आणि पानाच्या तळाशी तर अंकांवर अंक चढलेले. मुलगा लक्ष देत नसेल, आपण जरा दटावा, असे उत्तर मी मनात तयार ठेवले होते. पण बाईंनी विचारले ते निराळेच. "हा घरी लिहायला बसतो कुठे?" वीस वर्षे मी दुसऱ्यांच्या मुलांना मांडी कशी घालावी, पाठ कशी ठेवावी, तंबोरा कसा धरावा हे शिकवीत आलो आहे, आणि स्वतःच्या मुलाची बैठक कोठे आहे, हे मला सांगता येईना.

संध्याकाळी मुद्दाम पाहिले. तो जिन्यात बसला होता. वरून तिसरी पायरी. डोक्यावर जिन्यातला दिवा, गुडघ्यावर वही, पुस्तक खालच्या पायरीवर. कोणी वर-खाली करू लागले की गुडघे आवळून वाट देई. जिनाच का, तर दिवाणखान्यात माझा वर्ग, माजघरात टीव्ही, आणि मागच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा माझे शिष्यही येत नव्हते, आणि हाच मुलगा दिवाणखान्यातल्या खिडकीशी बसून मोबाईलवर बाराखडी शिकला होता. पुढे शिष्य परतले आणि त्याची जागा गेली. ती गेली हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आमचा दिवाणखाना म्हणजे घरातली सर्वांत उजेडाची खोली. रस्त्याकडे तीन खिडक्या, त्याही उत्तरेच्या. ऊन आत येत नाही, पण सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सारखा, थंड उजेड. तेथे काय आहे? दोन तंबोरे, पगडी घातलेल्या वडिलांची तसबीर, बैठक, आणि वर्षातून चार वेळा येणाऱ्या पाहुण्यांसाठी खुर्च्या. वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात अगदी तरुणपणी लागले आणि १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा त्यांची नोकरी जेमतेम तीन वर्षांची होती. पन्नाशीनंतर झालेला मी त्यांचे शेंडेफळ. दरबार मी पाहिला नाही. पाहिला तो हा दिवाणखाना. त्यामुळे त्यातली खुर्चीही हलवणे मला जड जात असे.

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत माझी जाये असते. बहुतेक ठिकाणी हाच मांडा दिसतो: सर्वांत चांगली खोली तसबिरींना आणि पाहुण्यांना, आणि मूल पलंगाच्या कडेवर, जेवणाच्या टेबलावर नाहीतर देवघराच्या उंबऱ्याशी. आपण बडोदेकर प्रत्येक समारंभात सयाजीराव महाराजांचे नाव घेतो. १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, १९०६ साली सबंध राज्याला तो कायदा, १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय, हे आपल्याला मुखोद्गत आहे. त्या राजाने खेड्यापाड्यांतल्या मुलाला शाळेत आणण्यासाठी कायदा केला. आणि आपण आपल्या घरात मुलाला चार चौरस फूट देताना पूर्वजांची अडचण सांगतो. रागावू नये. मी स्वतःलाच आधी बोलतो आहे.

वास्तविक, अभ्यासाची जागा कशी असावी हे वडिलांनी मला न सांगता शिकविले होते. दुसऱ्या खिडकीखाली त्यांची एक सतरंजी असे. पहाटे ते तिच्यावर बसत, तोंड नेहमी एकाच भिंतीकडे. ते नसतानाही त्या सतरंजीवर कोणी घडी केलेले वर्तमानपत्रसुद्धा ठेवत नसे. ते म्हणत, तिथे बसले की गळा आपोआप षड्जाला येतो. मला वाटते, मुलाच्या टेबलाचेही तसेच आहे. जेवणाच्या टेबलावर आठ वाजता ताटे येतात, तेव्हा अर्धे सोडविलेले गणित उचलावे लागते. आणि उचललेले गणित दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होते. टेबल लहान असले तरी चालेल, पण उघडी वही रात्रभर उघडी राहील इतके ते त्याचे असावे.

शेवटी दिवाळीच्या साफसफाईत मी तीन खुर्च्या माळ्यावर टाकल्या आणि तिसऱ्या खिडकीशी टेबल मांडले. जुन्या कपाटाच्या सागवानी फळीला सुताराने पाय लावून दिले. खांदे न उचलता कोपर टेबलाला टेकेल एवढी उंची ठेवली. पण मग खुर्ची उंच झाली आणि पाय लोंबू लागले. जुन्या हार्मोनियमची रिकामी पेटी मी पायाखाली सरकवली, तर आईने ती तत्काळ काढून घेतली. वाद्याच्या पेटीला पाय! तिने देवघरातला जादा पाट आणून दिला. एक घोटाळा माझ्याकडून झाला. उजेड डावीकडून यावा असे मी ऐकून होतो, म्हणून टेबल तसे लावले. मुलगा डावखुरा. त्याच्याच हाताची सावली त्याच्या अक्षरावर पडत होती, आणि आठ दिवस मी तक्रार करीत राहिलो की एवढे करूनही अक्षर सुधारत नाही. नंतर त्यानेच टेबल फिरवून घेतले.

माझा वर्ग मागच्या खोलीत गेला. गाण्याला उजेड लागत नाही, अशी माझी समजूत. शिष्यांच्या आईवडिलांची तशी नव्हती. एका गृहस्थांनी स्पष्ट म्हटले, "गुरुजी, त्या खोलीत तुमच्या वडिलांचा सूर आहे." दोन मुले पुढच्या महिन्यापासून आली नाहीत. महिन्याच्या जमाखर्चात ती दोन मुले मला दिसतात, हे लपविण्यात अर्थ नाही.

आवाजाविषयी मात्र माझे मत मुलाने बदलले. मी त्याला विचारले, इतकी वर्षे वर्गाचा त्रास होत होता ना? तो म्हणाला, "बरोबर गात असले की कळतच नाही, बाबा. चुकले की माझं गणित थांबतं." हे मला तंतोतंत पटले. तंबोऱ्याचा अखंड झंकार मन ओढून घेत नाही. बेसूर आणि अर्धवट ऐकू येणारे बोलणे ओढून घेते. म्हणून घर चिडीचूप ठेवण्याची गरज नाही. त्या दोन तासांत माजघरातला टीव्ही बंद ठेवला तरी पुष्कळ.

नव्या वसाहतींतील घरांत मुलाला स्वतंत्र खोली असते, दार असते, दाराला आतून कडीही असते. त्या व्यवस्थेचा मला हेवा वाटत नाही. बंद दाराआड बारा वर्षांचा मुलगा आणि मोबाईल यांची संगत काय करते, हे माझ्या दोन-तीन शिष्यांच्या घरी मी पाहिले आहे. आमच्या दिवाणखान्याचे दार अर्धे उघडे असते आणि मोबाईल माजघरात चार्जिंगला असतो. आई पहिल्या खिडकीशी आपली पोथी घेऊन बसते. ती त्याच्याकडे पाहत नाही, तोही तिच्याकडे पाहत नाही. पण ती उठली की पाच मिनिटांत तोही उठतो, एवढे मी ताडले आहे. ज्यांच्याकडे खोलीच नाही त्यांनी ढाळियाचा विचार करावा, पेढीवर मुनीम पुढ्यात घेत तसले उतरते मेज. मांडी घालून पाठ सरळ राहते, आणि रात्री ते वहीसकट भिंतीशी सरकवता येते. मांडवीच्या बाजूला जुन्या लाकडी सामानात अजून एखादे सापडते.

गणिताचे गुण अद्याप फारसे वाढलेले नाहीत. ओळी मात्र सरळ झाल्या आहेत. वडिलांची तसबीर होती तेथेच आहे, तिच्या खालच्या खिळ्याला आता शाळेचे वेळापत्रक लटकते. तंबोरे मागच्या खोलीत न्यावेत असा विचार होता, पण तेथे उन्हाळ्यात उकाड्याने तारा सारख्या उतरू लागल्या, तेव्हा ते पुन्हा दिवाणखान्यातच ठेवले. रोज सहाला शिष्य येतात. मी अर्ध्या उघड्या दारावर टकटक करतो, आणि चिरंजीव वहीवरून मान न उचलता म्हणतात, "घ्या."