तंबू, मोटार आणि रोमन बाजारपेठा

आपल्या समाजातील कुटुंबे अलीकडे युरोपच्या प्रवासास वरचेवर जाऊ लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु दहा दिवसांत पाच देश उरकणाऱ्या सहली पाहिल्या म्हणजे मुलांच्या पदरात त्यातून काय पडते, असा प्रश्न आम्हांस पडतो. रोमच्या कलोसियमपुढे पाऊण तास उभे राहावयाचे, छायाचित्रे काढावयाची आणि पुन्हा बसमध्ये चढावयाचे! त्यापेक्षा एकाच देशात मोटार भाड्याने घेऊन व तंबू बरोबर ठेवून सबंध कुटुंबाने आठ दिवस स्वस्थपणे हिंडावे, असे आमचे मत आहे. इटलीत तंबूंकरिता राखलेली तळे पुष्कळ आहेत. पाँपेईच्या तर अगदी वेशीपाशी आहेत. तेथे पाणी व स्नानगृहे असतात, आणि मुख्य म्हणजे आपली चूल आपल्या हाती राहते. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो, तेव्हा दिवसाउजेडी जेवणाऱ्या वडीलमंडळींचीही अडचण नाही. मात्र वाहन चालविण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना येथूनच काढून न्यावा आणि जुन्या शहरांच्या बंदी असलेल्या मध्यभागात गाडी घालू नये. कॅमेरा ती टिपतो व दंडाचा कागद पुढे घरी येऊन पोचतो.

व्यापाऱ्याच्या मुलाने प्रथम पाहावे ते रोमचे प्राचीन बंदर ओस्तिया. तेथील नाट्यगृहामागे एक चौक असून त्याच्या भोवताली सुमारे ६० लहान खोल्या आहेत. निरनिराळ्या नगरांच्या व्यापाऱ्यांच्या व नौकामालकांच्या संघांची ती कार्यालये असावीत. प्रत्येकापुढील फरशीवर काळ्यापांढऱ्या खड्यांची चित्रे आहेत: कोठे जहाज, कोठे धान्याचे माप, तर आफ्रिकेतील साब्राथा नगराच्या व्यापाऱ्यांपुढे हत्ती. पाटी वाचता न येणाऱ्यासही दुकान ओळखता यावे अशीच ही योजना! संघाचे सभासद म्हणविणाऱ्या आम्हांस हा चौक सम्राटांच्या प्रासादांहून अधिक जवळचा वाटतो.

पाँपेईच्या मुख्य चौकात दगडी मापांचा एक कट्टा आहे. त्यात खोलगट वाट्या कोरल्या असून माल मोजून झाल्यावर तो खाली काढून घेण्यास तळाशी भोके आहेत. मूळ शिला नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पूर्वीची स्थानिक मापे बदलून नगरसभेच्या ठरावाने ती प्रमाणित केल्याचा लेख तीवर आहे. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो आले, तेव्हा गिऱ्हाइकांच्या शंकांना उत्तरे देता देता वडिलांची कशी तारांबळ उडाली, हे ज्या घरांत अजून सांगितले जाते, त्या घरातील मुलास हा कट्टा निराळा समजावून द्यावा लागणार नाही.

या वैभवाची दुसरी बाजूही मुलांपासून लपवू नये. ओस्तियातील एका सुंदर वखारीच्या दारावर एपागाथस व एपाफ्रोदितस ही नावे आहेत. ती ग्रीक असल्यामुळे हे दोघे मुक्त झालेले गुलाम असावेत असे विद्वान मानतात. दोघे मालक झाले खरे, पण गोदीत पोती वाहणारे कितीतरी जण गुलामच राहिले. मार्गदर्शकाने हे सांगितले नाही तर आईबापांनी सांगावे.

नेपल्सच्या त्याच संग्रहालयात १९३८ साली पाँपेईत सापडलेली हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते नगर गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्यापूर्वीच समुद्र ओलांडून गेलेली. त्याच काळातील प्लिनी नावाचा लेखक अशी तक्रार करतो की, हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातील पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो आणि तेथील माल इकडे शंभरपट भावाने विकला जातो. नफ्याचा हा आकडा वाचून आमच्या काही सभासदांस हसू येईल!

या मूर्तीशी साम्य असलेल्या मूर्ती तेर व भोकरदन येथे मिळाल्या आहेत. तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातील तगर. तेथील माल भडोचच्या बंदराकडे जात असे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्ती निघाली, ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे. बेळगावकरांस ते अंतर दोन-अडीच तासांचे, आणि हैदराबादकरांस तेर एका दिवसाच्या वाटेवर. इटलीचा खर्च सर्वांस झेपेल असे नाही, हे आम्ही जाणतो. ज्यांस तो झेपेल त्यांनीही आधी मुलांस तेर व कोल्हापूर दाखवावे, आणि मगच पारपत्राचे अर्ज भरावेत.