कोणीच न लिहिलेली संहिता

जुन्या ग्रंथांचे आणि हस्तलिखितांचे संगणकीकरण आता साहित्याच्या अभ्यासकांनाही आपले वाटू लागले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु या कामात 'खुणा काढून टाका, मजकूर तेवढा ठेवा' असा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. संहितेतील खूण हीदेखील संहिताच असते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. सुखटणकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्यात जिथे पाठाविषयी पुरेशी खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. ही रेघ म्हणजे संपादकाचा प्रामाणिकपणा. ती पुसली तर अक्षर तेच राहते, पण शंकेचे रूपांतर निर्णयात होते.

एक्सएमएलमध्ये अशा खुणा टॅगच्या रूपाने मजकुराच्या आतच बसतात. टीईआय या संकेतप्रणालीत अस्पष्ट अक्षरांसाठी 'अनक्लिअर', संपादकाने पुरवलेल्या शब्दांसाठी 'सप्लाइड', खोडलेल्या शब्दांसाठी 'डेल' आणि हस्तलिखितात मागाहून घातलेल्या शब्दांसाठी 'ॲड' अशी सोय आहे. वाचकासाठी पान तयार करताना ही फाइल एक्सएसएलटीच्या शैलीपत्रकातून जाते. घात होतो तो इथेच. परिच्छेदावर 'व्हॅल्यू-ऑफ' ही आज्ञा चालवली की आतली अक्षरे सलग बाहेर येतात आणि टॅग नाहीसे होतात. काहीच नियम लिहिले नाहीत, तरी एक्सएसएलटीचे अंगभूत नियम हेच करतात.

समजा, एका कवीने 'पिवळे ऊन' असे लिहिले, मग 'पिवळे' खोडून वर 'कोवळे' लिहिले. टॅग गळाले की पानावर उमटते 'पिवळे कोवळे ऊन'. हा पहिला खर्डा नव्हे आणि अंतिम पाठही नव्हे. कोणीच न लिहिलेली ही ओळ आहे. उद्या एखादा विद्यार्थी तिच्यातील विशेषणांच्या द्विरुक्तीवर प्रबंध लिहील, तेव्हा दोष कोणाचा?

'वाचकाला स्वच्छ मजकूर हवा असतो,' असा यावर युक्तिवाद केला जातो. हवा असेल तर तो जरूर द्यावा. 'डेल'साठी रिकामा नियम लिहिला की खोडलेले शब्द त्या पानावर दिसत नाहीत आणि मूळ फाइल अबाधित राहते. पण मूळ फाइल टाकून केवळ स्वच्छ प्रतच जपली, तर गेलेली खूण त्या प्रतीतून परत मिळत नाही.

उपायही अवघड नाही. एक्सएमएलमधून एक्सएमएलच घडवायचे असेल, तर पायाशी प्रत्येक घटक जसाच्या तसा उतरवणारा एक नियम ठेवावा आणि बदल हवा तेवढ्यासाठीच वेगळे नियम लिहावेत. वेबपान घडवायचे असेल, तर 'अप्लाय-टेम्प्लेट्स'ने आतल्या घटकांपर्यंत उतरून प्रत्येक खुणेला तिचे दृश्य रूप द्यावे. 'कॉपी-ऑफ'ने सारे टॅग जपले जातात खरे, पण त्या आतल्या भागाला पुढचे नियम लागू होत नाहीत.

हे काम तंत्रज्ञाचे आहे असे म्हणून आपण हात झटकतो. आम्हांला ते मान्य नाही. कोणती खूण ठेवावी, कोणती कशी दाखवावी, हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे आणि पाठचिकित्सा हा आपला विषय आहे. शैलीपत्रक लिहिणारा संपादनच करीत असतो. त्याच्या शेजारी बसून प्रत्येक नियमाचे कारण विचारणे, हे साहित्याच्या अध्यापकाचे कर्तव्य आहे.